देवाला मराठी कळत नाहीं काय?

लोणावळ्यास आमच्या वाचकांपैकीं बहुतेक जण कधीं ना कधीं गेलेले असतात. पावसाळ्यांत भुशीच्या धरणावर भिजावें, चिक्कीचे दोन डबे घ्यावे आणि संध्याकाळच्या गाडीनें पुण्यास अथवा मुंबईस परतावें, हा त्यांचा क्रम. वाटेंत क्रूस असलेली एखादी इमारत दिसली तर 'पाद्र्यांची शाळा असेल' असें म्हणून ते पुढें जातात. असल्या इमारतीच्या आंत एक समाज वर्षानुवर्षें आपला आठवडा कसा घालवितो, ह्याची चौकशी कोणी करीत नाहीं. ती आज आम्ही करणार आहों; पण कौतुकासाठीं नव्हे. आम्ही स्वतः त्याच कॅथलिक समाजांतले आहों, आणि हें भांडण आमच्या घरांतलें आहे.

प्रथम तो आठवडा कसा असतो तें सांगतों. रविवार हा त्याचा मुकुटमणि. त्या दिवशीं मिस्सा, प्रवचन, ख्रिस्तप्रसाद. मग मुलांचें धर्मशिक्षण, आणि देवळाच्या ओट्यावर वडीलधाऱ्यांची विचारपूस. बुधवारीं सदासाहाय्य मातेचा नोव्हेना. मुंबईंत माहीमच्या सेंट मायकल देवळांत १९४८ सालीं सुरू झालेल्या ह्या उपासनेस आज सर्व धर्मांचीं माणसें रांगा लावतात, आणि तिचीं लहान प्रतिबिंबें गांवोगांवच्या देवळांत दिसतात. महिन्याचा पहिला शुक्रवार येशूच्या पवित्र हृदयाचा. प्रायश्चित्तकाळांतील प्रत्येक शुक्रवार चौदा स्थानांच्या क्रूसाच्या वाटेचा. ऑक्टोबरांत घरोघर जपमाळ, आणि २ नोव्हेंबरला दफनभूमींत प्रत्येक थडग्यावर मेणबत्ती. ज्यांच्या घरीं एकादशी आहे, संकष्टी आहे, गुरुवारची दत्ताची आरती आहे, त्यांस ह्या आठवड्याची घडण परकी वाटण्याचें कारण नाहीं. वारावारांस देवाचें नांव जोडून काळ पवित्र करण्याची रीति दोन्हीं घरांत एकच आहे.

परकी आहे ती भाषा. घाटमाथ्यावरील ज्या धर्मग्रामाचा आम्हांस निकट परिचय आहे, त्याचें नांव आम्ही मुद्दाम देत नाहीं. कारण हें चित्र शहरोशहरीं सांपडेल. तेथें रविवारची मराठी मिस्सा सकाळीं सहा वाजतां, इंग्रजी मिस्सा साडेआठ वाजतां. नोव्हेना इंग्रजींत, आराधना इंग्रजींत; क्रूसाची वाट मराठींत होते, पण पांच शुक्रवारांपैकीं एकदां. सहाच्या मिस्सेस येतात ते बंगल्यांचे माळी, शाळांतले शिपाई, दवाखान्यांतल्या आया, स्वयंपाकिणी. त्यांतील पुष्कळांचें मूळ नगर जिल्ह्यांतलें. आषाढांतल्या धुक्यांत, डोक्यावर इरलें किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन तीं माणसें दोन दोन मैल चालत येतात, आणि साडेआठच्या मोटारी यावयाच्या आंत कामावर निघून जातात. एकाच वेदीवरून एकाच प्रभूचा प्रसाद घेणारे हे दोन समाज एकमेकांचें तोंडसुद्धां पाहत नाहींत.

ही व्यवस्था रोमनें लादली नाहीं, बिशपांनीं लादली नाहीं, धर्मगुरूंनींहि लादली नाहीं. ती आम्हीं केली. कांहीं वर्षांपूर्वीं वेळापत्रक ठरविण्याची सभा भरली, तेव्हां शनिवार-रविवारीं बंगल्यावर येणाऱ्या मंडळींची सोय व्हावी म्हणून मराठीनें पहाटेस जावें, अशी सूचना आली. तिला अनुकूल म्हणून ज्यांनीं हात वर केले, त्यांत आमचा हात होता. त्या वेळीं आम्हांस त्यांत कांहीं गैर दिसलें नाहीं.

तें दिसण्यास एक मृत्यु घडावा लागला. शाळेंत झाडलोट करून जिनें हयात घालविली अशी एक वृद्ध बाई वारली. धर्मगुरु परप्रांतीय आणि नवीन होते. दफनाच्या आधीं त्यांनीं पुढें उभ्या असलेल्या आम्हां चौघांस हळूच विचारलें, 'इंग्रजी चालेल ना?' आणि आम्ही मान हालवून 'चालेल' म्हणालों. विधि यथासांग झाला. माती लोटून झाल्यावर नेवाशाकडून आलेला तिचा भाऊ टोपी हातांत धरून आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "सायेब, फादरनं माझ्या बहिणीचं देवाला काय सांगितलं?" आम्ही अर्थ सांगूं लागलों आणि तिसऱ्या वाक्याला अडलों. तीस वर्षें इंग्रजी काव्य शिकविणाऱ्या आम्हांस आपल्याच धर्माची अंत्यप्रार्थना आपल्याच मातृभाषेंत धड सांगतां आली नाहीं. त्या माणसानें रागाचा एक शब्द काढला नाहीं. "बरं बरं," म्हणून तो थडग्याकडे वळला. ह्या लेखाचें मूळ त्या 'बरं बरं'मध्यें आहे.

आतां आमच्या पक्षाचे आक्षेप पाहूं. कारण ते कालपर्यंत आम्हीच घेत होतों.

पहिला आक्षेप असा कीं, ख्रिस्ती उपासनेची मराठी कृत्रिम व बोजड आहे. ह्याला इतिहासच उत्तर देतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला. त्यानें ओवीसारखा एतद्देशीय छंद उचलून जवळजवळ अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' रचलें, आणि तें १६१६ सालीं रोमन लिपींत छापून निघालें. गोव्याच्या देवळांतून तें वाचलें जात असे. म्हणजे तुकोबा लहान मूल होते त्या काळांत ख्रिस्ताची कथा मराठी ओवींत बोलत होती! तें पुराण देवनागरींत संपूर्ण छापून काढण्यास मात्र १९५६ साल उजाडावें लागलें, आणि तें काम शांताराम बंडेलू यांनीं पुण्यांत केलें. पुढें हेन्री डोरिंग ह्या जर्मन जेझुइटानें १९०३ सालीं नगर जिल्ह्यांत 'निरोप्या' मासिक काढलें. हाच डोरिंग नंतर पुण्याचा बिशप झाला. प्रॉटेस्टंट पंथांतल्या रेव्हरंड टिळकांनीं मराठी ख्रिस्ती समाजाच्या ओठीं भजन दिलें. इंग्रज आला आणि मराठी शिकला. जर्मन आला आणि मराठी शिकला. महाराष्ट्रांत जन्मून, महाराष्ट्राचें अन्न खाऊन मराठी विसरण्याचा पराक्रम तेवढा आमच्या वांट्यास आला. कांहीं भाषांतरें बोजड आहेत, हें आम्हांस मान्य आहे. पण न वापरलेलें भांडें कळकतें, तो दोष भांड्याचा नव्हे. 'मिस्सा', 'क्रूस', 'जपमाळ' हे शब्द वापरून वापरून आज किती गुळगुळीत झाले आहेत!

दुसरा आक्षेप जास्त सभ्य आहे. 'आमचा धर्मग्राम मिश्र आहे; गोंवेकर, मंगळूरकर, तमिळ, मल्याळी अशीं सर्व माणसें त्यांत आहेत; इंग्रजी हीच सर्वांची समान भाषा.' १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली तेव्हांपासून लोणावळ्यास नाना प्रांतांचे लोक वस्तीस आले, हें खरें आहे. पण 'सर्वांची' ह्या शब्दांत माळी आणि आया येत नाहींत काय? गंमत अशी कीं, पूर्वी मिस्सा लॅटिनमध्यें होती तेव्हां ही विषमता नव्हती. लॅटिन प्रोफेसरास कळत नसे आणि माळ्यासहि कळत नसे. निदान अज्ञानांत तरी सर्व जण देवापुढें सारखे होते. ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकभाषेस दार उघडलें, तें लोकांना कळावें म्हणून. त्या दारांतून आम्हीं इंग्रजी आंत घेतली, आणि लोकांना पहाटे सहाची वेळ दिली. सर्वांस सारखी असलेली अडचण काढून आम्हीं ती गरिबांपुरती राखून ठेवली. शिवाय तमिळ किंवा मल्याळी घरांतल्या ज्या मुलांची येथें दुसरी-तिसरी पिढी चालू आहे, तीं बाजारांत कोणती भाषा बोलतात, हें भाजीवालीस विचारावें. कोणाचीहि भाषा काढून घ्या असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या भूमीवर देऊळ उभें आहे तिच्या भाषेस ओट्याबाहेर उभी करूं नका, एवढेंच म्हणतों.

येथें लोणावळ्याहून फार दूर नसलेल्या एका जागेकडे बोट दाखवावेंसें वाटतें. कार्ल्याच्या चैत्यगृहांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचे खांब उभे आहेत. त्यांतील कांहीं धेनुकाकट येथील यवनांनीं दान दिलेले आहेत, असें त्यांवरील लेख सांगतात. ते यवन कोठून आले ह्याचा वाद पंडितांनीं घालावा. आमच्यापुरता मुद्दा इतकाच कीं, त्यांनीं आपलें दान ह्या देशाच्या प्राकृतांत, ब्राह्मी अक्षरांत कोरविलें. देशांत येऊन राहणाऱ्या परक्यास जें सुचलें, तें देशांतच जन्मलेल्या आम्हांस सुचूं नये?

तिसरा आक्षेप घरांतला आहे, आणि तोच सर्वांत खरा आहे: 'आमच्या मुलांस मराठी प्रार्थना समजत नाहींत.' समजत नाहींत, कारण आम्हीं शिकविल्या नाहींत. १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनें देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, आणि त्यासाठीं तीन वर्षांची मुदत दिली. तीन शतकें उलटलीं. व्हाइसरॉय गेले, पोर्तुगीज सत्ता गेली, पण घराघरांतली कोंकणी उरली. तिला आयांनीं चुलीपाशीं जपलें. तें काम येथें आम्ही हुकुमावांचून, दंडावांचून, एका पिढींत आणि हौसेनें करीत आहों. उलट वसईकडे पाहावें. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली, पोर्तुगीज निघून गेले, आणि मागें राहिलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांनीं आपली वाडवळी, आपली सामवेदी आणि आपली श्रद्धा ह्या सर्वांचा संसार एकत्र चालविला. त्याच मातीतून १९५५ सालीं 'सुवार्ता' मासिक निघालें. मराठींत प्रार्थना केल्यानें तेथें कोणाची श्रद्धा पातळ झाल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.

आतां दोन शब्द आमच्या हिंदु वाचकांसाठीं. कारण ह्या अपराधांत त्यांचाहि वांटा आहे. ख्रिस्ती माणूस शुद्ध मराठी बोलला कीं 'तुमचें मराठी छान आहे हो!' अशी शाबासकी देणारे सज्जन आम्हांस प्रत्येक लग्नसमारंभांत भेटतात. शाबासकी पाहुण्यास देतात. घरच्यास देत नाहींत. २०२० सालीं उस्मानाबादेस भरलेल्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हां ख्रिस्ती धर्मगुरु म्हणून त्यांस विरोध करणारीं माणसें निघालीं. आयुष्यभर मराठींत लिहून, बायबल सुबोध मराठींत आणून, त्यांस हें ऐकावें लागलें. असें झालें म्हणजे आमच्यांतल्या इंग्रजीप्रेमी मंडळीस आयतें साधन मिळतें: 'पाहा, मराठी ही त्यांची भाषा, आपली नव्हे!' दरवाजा दोन बाजूंनीं ढकलला जातो, आणि मध्यें चेंगरतो तो सहाच्या मिस्सेचा माळी. शिवाय २०२४ सालीं मराठीस अभिजात दर्जा मिळाला म्हणून ज्या घरांतून पेढे वाटले गेले, त्या घरांतलीं नातवंडें गणपतीची आरती मोबाइलवर रोमन अक्षरांत वाचीत असतील, तर आमच्याकडे पाहून हंसण्याचा अधिकार त्यांस कितपत आहे, ह्याचा त्यांनींच विचार करावा.

तेव्हां आमचें मागणें काय? तें लहान आहे, आणि त्याला पैसा लागत नाहीं. महिन्यांतून निदान दोन रविवारीं मुख्य वेळची मिस्सा मराठींत व्हावी, आणि त्या दिवशीं आम्हीं इंग्रजीवाल्यांनीं घरीं न राहतां तिला यावें. बुधवारच्या नोव्हेन्यांत आणि शुक्रवारच्या क्रूसाच्या वाटेंत मराठीस निम्मा वांटा मिळावा. धर्मशिक्षणाच्या वर्गांत प्रत्येक मुलास प्रभूची प्रार्थना, 'नमो मरिये' आणि मृतांसाठींची प्रार्थना मराठींत तोंडपाठ असावी. परप्रांतीय धर्मगुरूंस कोणीं तरी आठवड्यांतून दोन तास मराठी शिकवावी. प्रस्तुत लेखक त्या कामास तयार आहे. आणि कोणाच्याहि दफनाच्या वेळीं भाषा कोणती असावी, हें पुढें उभ्या असलेल्या चौघांस न विचारतां मृताच्या भावास विचारावें.

इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते आणि पुढें देहू-आळंदीस जाते. ज्ञानेश्वरांनीं आणि तुकोबांनीं देवाशीं मराठींत बोलून दाखविलें त्यास कित्येक शतकें लोटलीं. त्याच नदीच्या उगमापाशीं राहून आम्ही मात्र 'मराठींत भक्ति जमत नाहीं' अशी सबब सांगतों. ही सबब आतां पुरे झाली. पुढील सभेंत वेळापत्रकाचा प्रश्न पुन्हां निघणार आहे. पूर्वीं ज्या हातानें आम्हीं मराठीस पहाटेस धाडलें, तोच हात तिला परत आणण्यासाठीं आम्ही वर करणार आहों. एकटे असलों तरी करणार आहों. नेवाशाच्या त्या माणसास आमच्याकडून एक उत्तर येणें आहे.