स्वस्त तिकिटाचा पूर्ण हिशेब

धाडच्या कुटुंबाला विमान गाठायचे तर दोन विमानतळ सोयीचे पडतात : भोकरदनमार्गे छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा आणि दुसरे जळगाव. त्यांपैकी जळगाव अगदी लहान. तेथे रांगा छोट्या, चालणे थोडे आणि तिकीटही पुष्कळदा परवडणारे. मात्र अशा विमानतळाचा हिशेब मुंबईपेक्षा वेगळा मांडावा लागतो.

मुंबईत एक विमान रद्द झाले, तर त्याच दिवशी दुसरे मिळण्याची आशा असते. लहान विमानतळावर एखाद्या मार्गाचे विमान दिवसातून एकदाच, किंवा आठवड्यातील ठरावीक दिवशीच असते. कंपन्याही कायम टिकतातच असे नाही. ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने मुंबई-जळगाव सेवा सुरू केली. २०१९ मध्ये ट्रूजेट आली. पुढे दोन्ही कंपन्या बंद पडल्या. २०२४ पासून फ्लाय९१ ची छोटी एटीआर विमाने तेथून उडू लागली. म्हणून फार आधी पैसे अडकवू नयेत आणि निघण्यापूर्वी वेळापत्रक पुन्हा पाहावे. वडिलांच्या शस्त्रक्रियेची किंवा न्यायालयाची तारीख असेल, तर एक दिवस हाताशी ठेवूनच निघावे. पुढील विमानाचे तिकीट वेगळे काढले असल्यास पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. मुंबईसाठी जळगाव स्थानकावरील रात्रीच्या गाड्यांच्या वेळा टिपून ठेवाव्यात.

तिकीट काढताना सर्वांत महत्त्वाचा रकाना मोबाइल क्रमांकाचा. आपल्याकडे तिकीट एजंट किंवा पुतण्या काढतो आणि स्वतःचाच क्रमांक देतो. विमान रद्द झाल्याचा संदेश त्याला जातो. प्रवासी मात्र पहाटे भाड्याची गाडी करून निघालेला असतो. यात पैशाचाही प्रश्न आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार, पूर्वसूचना न देता विमान रद्द झाल्यास पर्यायी विमान किंवा परतावा मिळतो. त्याशिवाय, एक तासापर्यंतच्या उड्डाणासाठी ५,००० रुपये किंवा मूळ भाडे व इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी भरपाई मिळते. संपर्काचा पुरेसा तपशील न देणारा प्रवासी या भरपाईला मुकतो. खराब हवामानासारखे कारण असेल तर भरपाई नाही. पर्यायी विमानाचा किंवा परताव्याचा हक्क मात्र राहतो.

नाव ओळखपत्राप्रमाणेच लिहावे. कंपनीच्या संकेतस्थळावरून तिकीट काढले असेल, तर २४ तासांच्या आत निदर्शनास आणलेली नावातील चूक विनाशुल्क दुरुस्त होते. व्यवसायाचा प्रवास असल्यास पेढीचा जीएसटी क्रमांक त्याच वेळी नोंदवावा. ‘परतावा नाही’ असे तिकीट रद्द केले, तरी विमानतळ वापर शुल्कासारखे वैधानिक आकार परत मिळतात. ते मागून घ्यावेत. कुटुंबातील पाच तिकिटांचे मिळून ही रक्कम लहान नसते.

देशांतर्गत प्रवासात साधारणतः १५ किलो सामान आणि ७ किलोची हातातील बॅग चालते. नेमकी मर्यादा तिकिटावर पाहावी. आपल्या दुकानात काटा असतोच, बॅग त्यावर तोलूनच निघावे. जादा वजनाचे पैसे स्वस्त भाड्याचा लाभ खाऊन टाकतात. पॉवर बँक हातातील बॅगेतच ठेवावी. लोणचे आणि तूप घट्ट बांधून मोठ्या सामानात द्यावे. सुके खोबरे ज्वलनशील मानले जाते, म्हणून ते नेऊच नये. दागिने किंवा मोठी रोकड सोबत असल्यास बिले व हिशेबाचे कागद जवळ असावेत.

जेवणाचाही आधी विचार हवा. दोन तासांहून अधिक उशीर झाल्यास कंपनीने अल्पोपाहार द्यावा असा नियम आहे, परंतु तो आपल्या आहारनियमांत बसेलच असे नाही. चौविहार पाळणाऱ्यांनी शक्यतो सकाळचे विमान निवडावे. सायंकाळचेच असेल, तर खाकरा किंवा पुरीचा डबा सोबत ठेवून सूर्यास्तापूर्वी विमानतळावरच जेवून घ्यावे.

विमानतळ लहान असला, तरी सामान देण्याचा काउंटर उड्डाणाच्या सुमारे तासभर आधी बंद होतो, हे लक्षात ठेवून दोन तास आधी पोहोचावे. रद्द झाल्याचा संदेश, तिकीट आणि पावत्या जपून ठेवाव्यात. कंपनीने दाद दिली नाही, तर शासनाच्या ‘एअरसेवा’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवताना हेच कागद उपयोगी पडतात.