पुरूरव्याचा हट्ट

प्रिय व्यक्ती कायमची दुरावली, हे मन सहजासहजी मान्य करीत नाही. आपल्या प्राचीन वाङ्मयात या हट्टाचे चित्र ऋग्वेदाइतके जुने आहे. दहाव्या मंडलातील ९५ वे सूक्त म्हणजे पुरूरवा व उर्वशी यांचा संवाद होय. चार शरद ऋतू राजाजवळ राहून ती अप्सरा निघून गेली आहे, आणि राजा तिला परत बोलावीत आहे. मी आता तुला लाभणार नाही, घरी जा, असे ती स्पष्ट सांगते. मग लांडग्यांनी मला खावे, असे राजा म्हणताच मात्र ती त्याला बजावते, की मरू नकोस.

कालिदासाने ‘विक्रमोर्वशीय’ नाटकात राजाचा हा हट्ट पुरविला. चौथ्या अंकात विरहाने वेडावलेला पुरूरवा मेघाला राक्षस समजतो. मोर, कोकिळा, हंस, हत्ती, पर्वत, नदी, सर्वांना प्रियेचा ठावठिकाणा विचारतो. अखेर तो एका वेलीला मिठी मारतो आणि त्या वेलीचीच उर्वशी होते! प्रेक्षक सुखावतो.

मला मात्र सूक्तातील नकारातच अधिक माया दिसते. प्रेमभंगाने खचलेल्या मुलाला वा मुलीला खोटी आशा दाखविणे सोपे असते. वडीलधाऱ्यांचे काम त्याहून कठीण आहे. गेले ते गेले, हे सांगावे. पण तू आम्हांला हवा आहेस, हवी आहेस, हेही त्याच श्वासात सांगावे.