मोटारीचें स्नान आणि मेणाचें कवच

वस्तु विकत घेण्याची हौस जितकी दांडगी असते, तितकी ती राखण्याची असत नाहीं, ही आपल्या समाजाविषयींची जुनी तक्रार आहे. तरी घरांतील कांहीं वस्तूंच्या बाबतींत आपण चांगलेच जागरूक असतों. पैठणी कोणी सोड्याच्या पाण्यांत बुडवीत नाहीं. तिच्यासाठीं रिठे भिजत पडतात. तांब्याचें ताम्हन चिंचेनें लखलखीत होतें, म्हणून मुलाम्याच्या दागिन्यास तीच चिंच लावण्याचें धाडस सुज्ञ गृहिणी करणार नाहीं. परंतु ज्या मोटारीसाठीं घरानें कित्येक वर्षें पैसा साठविला, तिच्या अंगावर मात्र कपडे धुण्याच्या भुकटीचा फेस निःशंकपणें ओतला जातो. या महिन्यांत त्याचाच विचार करूं.

आजच्या मोटारीचा रंग म्हणजे एकच लेप नव्हे. पत्र्यावर प्रथम गंजरोधक थर, त्यावर अस्तर, मग रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो. आपणांस जी चकाकी दिसते ती या शेवटच्या थराची. त्याची जाडी सुमारें ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा हिस्सा. या नाजूक थराच्या रक्षणार्थ मेणाचा हात फिरवितात. तो तर मायक्रॉनभरही जाड नसतो. यासाठीं नांवाजलेलें मेण ब्राझील देशांतील कार्नोबा नामक ताडाच्या पानांवरून काढतात. मधमाश्यांचें मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळतें, तर हें ८० अंशांच्याही वर. म्हणूनच तें उन्हांत तापलेल्या पत्र्यावर टिकाव धरूं शकतें.

बेलापूर-श्रीरामपूर भागांतील वाचकांस हें सारें परकें वाटण्याचें कारण नाहीं. शेतांतील उभ्या उंसाच्या कांड्यावर जी पांढुरकी पूड दिसते व बोट फिरवितांच पुसली जाते, ती मेणाचीच होय. आंतला ओलावा आंत राखावा व बाहेरची पीडा बाहेर ठेवावी, यासाठीं वनस्पतीनें केलेली ती तजवीज आहे. साखर कारखान्यांत रस निवळल्यावर जो गाळ उरतो त्यांतही हें मेण सांपडतें. प्रवरेच्या कालव्यांस भंडारदऱ्याच्या धरणाचें (१९२६) पाठबळ मिळालें. हरेगांवचा बेलापूर कंपनीचा कारखाना व पुढें १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी कारखाना यांनीं हा मुलूख उंसाचा म्हणून प्रसिद्ध केला. मात्र गळिताच्या हंगामांत चिमणीची काळी राख अंगणांतल्या वाळवणावर पडते, तशीच ती मोटारीवरही पडते. आणि येथेंच खरी गोम आहे.

ही राख व रस्त्यावरची धूळ खरखरीत असते. सकाळीं कोरडें फडकें घेऊन गाडी झटकण्याची जी सर्रास चाल आहे, तिनें हे कण पत्र्यावर घासले जातात. प्रथम मेण जातें व मग पारदर्शक थरावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उमटतात. मेण पुन्हा लावतां येतें. झिजलेला थर परत येत नाहीं. गाडी पुसणाऱ्या माणसास दोष देण्यापूर्वीं त्याच्या हातीं आपण काय दिलें आहे, हें घरच्या मंडळींनीं पाहावें.

आतां साबणाविषयीं. अभ्यंगस्नानांत शिकेकाईनें अंगावरचें तेल निघतें, हें सर्वांस ठाऊक आहे. साबणाच्या कणाचें एक टोंक स्निग्ध पदार्थास धरतें, तर दुसरें पाण्यास. अशा रीतीनें मळ पाण्याबरोबर वाहून जातो. भांडीं घासण्याचें द्रावण तेलकट थर तोडण्यासाठींच बनविलेलें असतें, आणि कपड्यांच्या भुकटींत सोड्यासारखे क्षार असतात. तूप आणि मेण यांत भेद करण्याचें ज्ञान त्यांस नाहीं. रॉकेलचा बोळा फिरविल्यास क्षणभर चकाकी येते खरी, पण रॉकेल मेण विरघळवितें. म्हणून मोटारीसाठीं मिळणारा, आम्लही नव्हे व क्षारही नव्हे असा सौम्य शांपूच वापरावा. आणि तोही बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणांतच.

कृति सोपी आहे. गाडी सावलींत उभी करून पत्रा थंड होऊं द्यावा. प्रथम नुसत्या पाण्यानें धूळ व राख वाहवून टाकावी. मग दोन बादल्या घ्याव्या. एकींत शांपूचें पाणी व दुसरींत स्वच्छ पाणी. मऊ, लोंवदार फडकें शांपूंत बुडवून छपरापासून खालीं सरळ हात फिरवावा, आणि प्रत्येक वेळीं तें स्वच्छ पाण्यांत खळबळून मगच पुन्हा शांपूंत घालावें. चाकें सर्वांत शेवटीं, व त्यांचें फडकें निराळें. पक्ष्यांची विष्ठा वाळली असल्यास खरवडूं नये; ओलें फडकें कांहीं वेळ ठेवून ती मऊ करावी व अलगद उचलावी.

गाडी आपोआप वाळूं देऊं नये. आपल्याकडे पुष्कळ विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी जड असतें. ज्या पाण्यांत तुरीची डाळ लवकर शिजत नाहीं, तें पत्र्यावर वाळलें कीं पांढरे ठिपके मागें राहतात. मग ते काढण्यासाठीं लिंबू, व्हिनेगर यांचे प्रयोग सुरू होतात आणि राहिलेलें मेणही जातें. यास्तव मऊ पंचानें पाणी लगेच टिपून घ्यावें.

नळी सोडून गाडी धुण्याचा मोह मात्र टाळावा. बागेच्या नळींतून मिनिटास १० लिटर पाणी सहज जातें. पंधरा मिनिटांत १५० लिटर झालें. आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिणेकडील तालुक्यांत कित्येक उन्हाळे टँकरची वाट पाहण्यांत गेले आहेत, हें विसरतां येत नाहीं. वरील रीतीनें तीन-चार बादल्यांत काम भागतें. नदीच्या पात्रांत गाडी उतरवून धुणें तर सर्वथैव वर्ज्य. यंत्राचें तेल त्या पाण्यांत मिसळतें, आणि खालच्या गांवांस तेंच पाणी प्यावयाचें असतें.

मेण शिल्लक आहे कीं नाहीं, याची परीक्षा अगदीं घरगुती आहे. पत्र्यावर चार थेंब टाकावे. अळवाच्या पानावरील पाण्याप्रमाणें ते गोल राहून घरंगळले, तर कवच शाबूत आहे. फरशीवर सांडल्यासारखे पसरले, तर मेणाचा नवा हात देण्याची वेळ आली. ही परीक्षा घरांतील मुलांकडून करवून घ्यावी. अळूच्या पानावरचें, उंसाच्या कांड्यावरचें आणि मोटारीच्या पत्र्यावरचें शास्त्र एकच, हें त्यांस त्या चार थेंबांत उमगेल. आणि ज्या वस्तूचें शास्त्र उमगलें, तिची निगा राखण्यास त्यांस वेगळें सांगावें लागणार नाहीं.