संकेतस्थळी कोणीच नसते

चौतीस वर्षे सरकारी खात्यात काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर दोनच कामे मिळतात. एक, नातवाला शाळेत सोडणे. आणि दुसरे, कोणाच्या तरी अर्जावर 'जरा नजर टाकणे'. मला तिसरे मिळाले. एका संध्याकाळी आमच्या भागातल्या एका जुन्या संस्थेचे अध्यक्ष घरी आले. संस्थेचे नाव सांगत नाही. मला याच शहरात राहायचे आहे. संस्थेचे वाचनालय आहे, लग्नाकार्याला देण्याचे सभागृह आहे, आणि आजारी माणसांसाठी खाट, चाकांची खुर्ची, वॉकर असे साहित्य थोड्याशा अनामतीवर देणारे केंद्र आहे. चहाचा दुसरा घोट घेऊन अध्यक्ष म्हणाले,

"साहेब, तुम्ही जन्मभर अहवाल लिहिलेत. आपल्या वेबसाइटवर एक लिहून द्या. सुधारणा सुचवा. अगदी प्रोफेशनल पाहिजे बरं का!"

'प्रोफेशनल' म्हटले की माणूस विरघळतो. मी हो म्हटले. आतून सौ.चा आवाज आला, "पैसे किती देणार ते विचारलंत का?" या शब्दाचा तिला एवढाच अर्थ ठाऊक आहे.

वेबसाइटला आपण मराठीत 'संकेतस्थळ' म्हणतो. हा शब्द ज्याने रूढ केला त्याच्या रसिकतेला माझा नमस्कार. जुन्या काव्यात संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांनी भेटायची ठरवलेली जागा. आमच्या गावापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण. तिथल्या सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत गोदाकाठच्या अशा भेटी पुष्कळ आहेत. बिचारी नायिका अंधारात, काटेकुटे तुडवीत संकेतस्थळी पोहोचते आणि पाहते तर नायकाचा पत्ताच नाही! अशा फसलेल्या नायिकेला काव्यशास्त्राने 'विप्रलब्धा' असे नाव दिले आहे. आपल्याकडच्या संस्थांची संकेतस्थळे पाहून माझी खात्री झाली आहे की, तुम्हीआम्ही सगळेच विप्रलब्धा आहोत.

आमच्या संस्थेचे संकेतस्थळ उघडले. प्रथम अध्यक्ष दीपप्रज्वलन करताना आले. ते सरकले तेव्हा अध्यक्ष शाल घेताना आले. तेही सरकले, तर अध्यक्ष शाल देताना. मग अध्यक्षांचे मनोगत, कार्याध्यक्षांचे मनोगत, आणि सचिवांचे 'दोन शब्द'. मी मोजले, सहाशे भरले. खाली तांबड्या रंगात 'नवीन' असे लुकलुकत होते. पाहतो तर २०१९ सालच्या वार्षिक सभेची सूचना.

मी पदर खोचला. म्हणजे धोतर असते तर खोचले असते. केंद्र सरकारने सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली, २०२३ साली त्यांची तिसरी आवृत्ती आली. ती चाळली. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे चौथे कलम वाचले. सार्वजनिक प्राधिकरणांनी सतरा प्रकारची माहिती, कोणी अर्ज करायची वाट न पाहता, आपणहून जाहीर करावी असे ते सांगते. सरकारी संकेतस्थळांची तत्त्वे आमच्या संस्थेला बंधनकारक नसतील, पण शहाणपणाला कुठे बंदी आहे? मग बावीस पानी अहवाल सिद्ध झाला. त्यात 'वापरकर्ताभिमुख आशयरचना', 'दिशादर्शनाचे सुलभीकरण' असे शब्द जागोजाग पेरले. वाचून मला माझाच अभिमान वाटला. अर्थ मात्र नीटसा लागला नाही.

त्याच रात्री नऊला वरच्या मजल्यावरच्या वहिनी खाली आल्या. सासऱ्यांच्या खुब्याचे हाड मोडलेले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आणायचे होते. डोक्याकडून वर होणारी खाट हवी होती.

"काका, तुमच्या त्या संस्थेत मिळते म्हणे. अर्ध्या तासापासून मोबाइलवर बघायले मी. अध्यक्षच दिसायलेत नुसते!"

आम्ही दोघांनी मिळून शोधले. साहित्याची यादी होती. पण कुठल्या तरी जुन्या टंकात, त्यामुळे मोबाइलवर तिच्या मुंग्या झालेल्या. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच जागा मिळाली, आमच्या यादीला अजून मिळायची होती. फोन नंबर होता, पण तो चित्रात. बोट टेकवून लागेना. वहिनींनी तो कागदावर उतरवून लावला. वाजत राहिला. कचेरी पाचला बंद होते, हे कुठेच लिहिलेले नव्हते. सकाळी त्यांनी बाजारातून रोजच्या भाड्याने खाट आणली. चार दिवसांनी मी संस्थेच्या कोठीत डोकावलो. तीन खाटा रिकाम्या होत्या. एकीवर मागच्या समारंभाचा फलक वाळत घातला होता.

या विषयातले जाणकार जेकब नील्सन यांनी २००० साली लिहून ठेवले आहे की, पाच माणसांना समोर बसवून संकेतस्थळ वापरायला सांगा. बहुतेक दोष तेवढ्यात कळतात. मला एका वहिनींतच कळले. शिवाय आणखी एक कळले. माझा बावीस पानी अहवाल आणि ते संकेतस्थळ ही सख्खी भावंडे होती. दोन्ही अध्यक्षांना दाखवण्यासाठी जन्मली होती. ज्याला खाट हवी त्याच्यासाठी एकही नाही.

अहवाल रद्दीत घातला आणि एक पान लिहिले. पहिल्याच पडद्यावर काय मिळते, अनामत किती, वेळ कोणती, फोन कुणाचा, एवढेच द्या. मजकूर चित्रात नको, अक्षरांत द्या. अंधांना वाचून दाखवणारी यंत्रणा अक्षरे वाचते, चित्रातली अक्षरे तिला दिसत नाहीत. सूचनेवर तारीख घाला आणि शिळी झाली की काढा. शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. पण पुण्यात नोकरी करणारा मुलगा वडिलांसाठी खाट शोधताना सवयीने 'औरंगाबाद' लिहील. तेव्हा नवे नाव ठळक द्या, जुने कंसात ठेवा. (मलिक अंबरच्या काळात या गावाला खडकी म्हणत, तेवढे गाळले तरी चालेल.) आणि या सगळ्याला एक माणूस नावानिशी जबाबदार धरा.

सभेत अध्यक्षांनी पान हातात घेतले, उलटून पाहिले.

"मागे काही नाही?"

"नाही."

कोषाध्यक्ष म्हणाले, "म्हणजे पहिल्या पानावर खाटा? लोक काय म्हणतील?"

"खाट मिळाली म्हणतील," मी म्हटले. ब्रिटिश सरकारचे २०१२ सालचे नवे संकेतस्थळ इतके साधे होते की बघणाऱ्याला कीव यावी. त्याला २०१३ साली लंडनच्या डिझाइन म्युझियमचा वर्षातला सर्वोत्तम रचनेचा पुरस्कार मिळाला, हेही सांगितले. लंडन फार लांब पडले. मग मलिक अंबराला पुन्हा बोलावले. त्याने डोंगराकडचे पाणी जमिनीखालून नहरीने गावात आणले. नहर कोणाला दिसत नसे, पाणी मात्र मिळे. आपण नहरीला रंग दिलाय, तोरणे बांधलीत, पाण्याचे काय? सभा गंभीर झाली. एकाने घड्याळ पाहिले. अहवाल एकमताने स्वीकारण्यात आला, पाच जणांची उपसमिती नेमण्यात आली आणि मला शाल देण्यात आली.

आठ दिवसांनी संकेतस्थळ उघडले. मी अध्यक्षांकडून शाल घेताना डावीकडून सरकत आलो. खाली 'नवीन' लुकलुकत होते. खाटांच्या मुंग्या जिथल्या तिथे. खोटे कशाला बोलू, फोटो बरा आला आहे. मी तो तीनदा पाहिला. सौ. म्हणाली, "पोट दिसतंय."

तूर्त आमच्या जिन्यात, मीटरच्या पेटीशेजारी, मी एक कागद चिकटवला आहे: खाट, खुर्ची, वॉकर, आणि माझा फोन. कोठीची एक किल्लीही मागून घेतली आहे. आतापर्यंत चार फोन आले. परवा एकाने दबकत विचारले, "आपण अध्यक्ष का?"

मी म्हटले, "नाही हो. पण खाट आहे. केव्हा येता?"