हरवलेल्या गणवेशाची भरपाई कोणी करावी?

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि पंधरवडा लोटतो न लोटतो तोच शहरांतील खाजगी शिशुवर्गांच्या दाराशी एक नित्याचा वाद सुरू होतो. कोणाचा रेनकोट सापडत नाही. कोणाच्या मुलीच्या अंगावर दुसरीच्याच मापाचा फ्रॉक घरी आला आहे. कोणाची हाफपँट ओली झाली म्हणून काढली, ती पुन्हा दृष्टीस पडलेली नाही. आई बाईंना विचारते, बाई मदतनीस मावशींना विचारतात आणि अखेर उत्तर मिळते : वस्तू सांभाळण्याची जबाबदारी पालकांची, नवा जोड घ्यावा. तो नेमलेल्या दुकानातच मिळतो आणि दुकानदार सांगेल तीच त्याची किंमत असते.

हा विषय अग्रलेखाचा आहे काय, असे काही वाचकांना वाटेल. पगारदार कुटुंबात ही एका सायंकाळची चिडचीड असते. चार घरची धुणीभांडी करून मुलाला ‘चांगल्या शाळेत’ घालणाऱ्या बाईच्या घरी मात्र तो महिन्याच्या हिशेबाला पडलेला खड्डा असतो. नवा जोड येईपर्यंत मूल घरी राहते, किंवा रंगीत कपड्यांत जाऊन सर्वांत वेगळे दिसते. श्रीमंत-गरीब हा भेद मुलांच्या अंगावर दिसू नये, हेच गणवेशाचे मुख्य समर्थन सांगितले जाते. तो हरवताच नेमका हाच भेद उघडा पडतो.

तेव्हा जबाबदारीचा प्रश्न नीट तपासला पाहिजे. तीन-चार वर्षांच्या मुलाला आपला सदरा कोणता हे ओळखता येत नाही, आणि ते त्याच्याकडून अपेक्षितही नाही. कपडे एकसारखे असावेत हा नियम संस्थेचा. दिवसातले काही तास मूल आणि त्याचे कपडे ताब्यात असतात तेही संस्थेच्याच. आपल्याकडे परीट शेकडो घरांचे पांढरे कपडे एकत्र धुतो. प्रत्येकावर बिब्ब्याची खूण करतो आणि ज्याचे त्याला परत देतो. एखादा कपडा गहाळ झाला तर गिऱ्हाईक त्यालाच जाब विचारते. निरक्षर परटाकडून जी अपेक्षा समाज पिढ्यान्‌पिढ्या करीत आला, ती भरभक्कम शुल्क घेणाऱ्या संस्थेकडून करू नये, याला कोणता न्याय म्हणावा?

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. पालकांनी आवाज चढवला की संस्था दोष मदतनीस मावशीवर ढकलते, प्रसंगी तिच्या तुटपुंज्या पगारातून पैसेही कापते. वीस-पंचवीस मुलांचे ओले कपडे एकटीने बदलणाऱ्या बाईकडून अदलाबदल होणारच. भरपाई तिच्याकडून वसूल करणे म्हणजे एका गरिबाचे नुकसान दुसऱ्या गरिबाच्या माथी मारणे होय.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातली मेख साधी आहे. कोणाचा कपडा हरवेल हे सांगता येत नाही. पण वर्षभरात काही कपडे हरवतील हे निश्चित असते. जे निश्चित आहे तो अपघात नव्हे, संस्था चालविण्याचा तो खर्च आहे आणि तो सर्वांत विभागला पाहिजे. तीस मुलांच्या वर्गात दरडोई वीस रुपये वेगळे ठेवले तर सहाशे रुपये होतात. समग्र शिक्षा योजनेत एका मुलाच्या दोन जोडांसाठी धरलेली रक्कम एवढीच आहे. एका घराला जड जाणारा बोजा तीस घरांना जाणवतही नाही.

शासनाकडे पाहावे, तर ही योजना पहिली ते आठवीच्या मुलांसाठी आहे, आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून हक्क देतो. त्याआधीच्या वयाची जबाबदारी कायद्याने शासनाच्या इच्छेवर सोडली आहे. मोठ्या मुलांचा अनुभवही बोधप्रद आहे. २०२४-२५ मध्ये राज्याने सर्वांसाठी एकच गणवेश वरून पुरविण्याचे ठरविले. शाळा सुरू होऊन कित्येक आठवडे तो अनेक ठिकाणी पोहोचला नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये खरेदीचा अधिकार शाळा व्यवस्थापन समित्यांकडे परत द्यावा लागला. मुलाच्या मापाचा सदरा मंत्रालयातून शोधता येत नाही. तो शाळेच्या कपाटातच असावा लागतो. इंग्लंडमध्ये २०२१ साली गणवेशाच्या खर्चाविषयी कायदा झाला. त्यानुसार दिलेल्या मार्गदर्शनात शाळेचे चिन्ह असलेले कपडे कमीत कमी ठेवावेत आणि वापरलेले गणवेश पालकांना मिळण्याची सोय असावी, असे शाळांना सांगितले आहे. वापरलेला कपडा घेण्यात तेथे कमीपणा मानू नये हे धोरण ठरते. येथे ती दानधर्माची बाब समजली जाते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. शिशुवर्गाचा गणवेश कोणत्याही दुकानात मिळेल असा साधा असावा. प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक कपड्यावर न धुतल्या जाणाऱ्या शाईने नाव घालण्याची व्यवस्था शाळेने करावी. लहान झालेले गणवेश धुऊन, दुरुस्त करून शाळेच्या कपाटात जमा व्हावेत आणि ज्याला गरज पडेल त्याला, कारण न विचारता, मिळावेत. गणवेश नाही म्हणून एकही मूल दारातून परत जाऊ नये, आणि मदतनीसांच्या पगारास हात लागू नये.

यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वस्त्यांतील कार्यकर्त्यांनी पुढच्या पालकसभेत हा विषय मांडावा, आणि शाळा ऐकत नसेल तर वस्तीतच असे एक कपाट सुरू करावे. परस्पर-साहाय्याची शिकवण सभेतील भाषणांनी जितकी रुजते, त्याहून अधिक ती एका ओल्या दुपारी मुलाच्या अंगावर चढलेल्या कोरड्या सदऱ्याने रुजते.