सांडपाण्यांतील जंतु आणि नवीं रसायनें

शहराचें सांडपाणी शुद्ध करून शेतास देणें ही आतां नुसती सूचना राहिलेली नाहीं. पुण्याचें पाणी मुंढव्यास उचलून कालव्यांत सोडलें जातें व खालच्या अंगाचीं पिकें त्यावर उभीं राहतात. अशा पाण्याविषयीं वा त्यापासून निघणाऱ्या गाळाविषयीं शंका काढली कीं, ‘जंतु सर्व कांहीं खाऊन टाकतात’ असें उत्तर मिळतें. हें उत्तर अर्धें खरें आहे. उरलेलें अर्धें शेतकऱ्यास महाग पडेल, असें आमचें मत आहे.

जंतूंची थोरवी आम्हांस अमान्य नाहीं. ज्यानें शेणखताचा खड्डा उकरला आहे त्यास ती सांगावयास नको. सन १९१४ मध्यें मँचेस्टर येथें आर्डर्न व लॉकेट यांनीं दाखवून दिलें कीं, मैलापाण्यांत हवा खेळवावी आणि तळाशीं बसलेला गाळ टाकून न देतां पुढच्या पाण्यास विरजणाप्रमाणें लावावा, म्हणजे आठवड्यांचें काम तासांवर येतें. पुष्कळ मोठीं शुद्धीकरण केंद्रें आजहि ह्याच विरजणावर चालतात.

जंतु नवें अन्नहि पचवूं लागतात. नायलॉन हा पदार्थ १९३५ पूर्वीं पृथ्वीवर नव्हता. तरी १९७५ च्या सुमारास जपानांत नायलॉनच्या कारखान्याच्या सांडपाण्यांत त्या धंद्यांतील टाकाऊ द्रव्यावर जगणारे जंतु सांपडले. मात्र ते आंखूड तुकडे खात, अखंड धागा नव्हे. ही मेख विसरतां कामा नये.

जंतूस पदार्थ धरावयास टोंक लागतें. दुसऱ्या महायुद्धानंतर कपडे धुण्याचीं जीं नवीं द्रव्यें निघालीं, त्यांच्या कार्बनच्या सांखळीस बाभळीसारखे फांटे होते. जंतूंस त्यांत शिरकाव मिळेना. युरोप-अमेरिकेंतील नद्यांवर फेंसाचे ढीग तरंगूं लागले. पश्चिम जर्मनींत १९६४ पासून कायदा लागू झाला, १९६५ मध्यें अमेरिकेंतील कारखानदारांनीं सरळ सांखळीचें द्रव्य घेतलें, आणि त्याच केंद्रांतील जंतु तें पचवूं लागले. दोष जंतूंचा नव्हता, घडविणाराचा होता.

परंतु फ्लोरिनयुक्त अशीं कांहीं द्रव्यें आहेत कीं त्यांस टोंकच नाहीं. पीएफएएस या नांवानें तीं ओळखलीं जातात. न चिकटणारे तवे, न भिजणारें कापड, आग विझविण्याचा फेंस यांत तीं वापरलीं गेलीं. कार्बन व फ्लोरिन यांची गांठ जंतूंस सहसा सुटत नाहीं. उलट त्या वर्गांतील कांहीं द्रव्यें शुद्धीकरणांत अर्धवट मोडून अधिकच चिवट द्रव्य मागें राहतें. तें कांहीं पाण्याबरोबर जातें, कांहीं गाळांत बसतें. अमेरिकेच्या मेन राज्यांत असा गाळ अनेक वर्षें खत म्हणून शेतांत पसरला गेला. पुढें गाईंच्या दुधांत हीं द्रव्यें सांपडलीं व कांहीं शेतकऱ्यांस धंदा बंद करावा लागला. २०२२ सालीं तेथें गाळ शेतांत टाकण्यास कायद्यानें बंदी झाली. तोंवर जमिनी बिघडल्या होत्या, आणि त्या शेतकऱ्यांनीं तर चांगलें खत म्हणूनच तो घेतला होता!

पदार्थ आधीं विकावा व तो जंतूंस पचतो कीं नाहीं हें मागाहून पाहावें, हा क्रमच उलटा आहे. तो सुलटा होईल तेव्हां होवो. तूर्त आमचें म्हणणें इतकेंच कीं, कारखान्याचें पाणी कारखान्याच्या आवारांतच निराळें शुद्ध व्हावें, आणि गाळ देणाऱ्या नगरपालिकेनें नत्र-स्फुरदाच्या आंकड्यांबरोबर तिच्या गटारांस कोणते कारखाने जोडलेले आहेत तेंहि लिहून द्यावें. तो कागद हातीं येईपर्यंत गाळाची गाडी, फुकट असली तरी, बांधाबाहेरच उभी राहूं द्यावी.