देऊळ ‘करायचे’ नसते



नाशिकच्या माळकरी घरांतूनही आता परदेशवाऱ्या होऊ लागल्या आहेत. कुणाची लेक जर्मनीत असते, कुणाचा नातू फ्रान्समध्ये शिकतो, कुणी भिशीचे पैसे साठवून टूर कंपनीबरोबर निघतात. टूरच्या पत्रकात बर्फाचा डोंगर असतो, बोटीची सफर असते आणि एखादे जुने गॉथिक कॅथेड्रलही असते. मग निघायच्या आधी प्रश्न येतो, “गळ्यात माळ आहे. चर्चमध्ये पाऊल ठेवावे का?”

याला दोन उत्तरे मिळतात. एक जण म्हणतो, “परक्याच्या देवाच्या दारी जाऊ नका, निष्ठा बाटते.” दुसरा हसून म्हणतो, “अहो, तिथे देवबिव कुठला? प्रेक्षणीय स्थळ आहे. आत जायचे, फोटो काढायचे, बाहेर यायचे.”

माझे म्हणणे असे की दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि दुसरे जास्त चुकीचे आहे. पहिल्या माणसाला निदान आत काहीतरी आहे, हे मान्य आहे. दुसऱ्याने तेही पुसून टाकले.

जर्मनीतल्या कोलोन शहराचे कॅथेड्रल घ्या. आपले बरेच लोक तिथे जातात. त्याची पायाभरणी १२४८ साली झाली, म्हणजे आपल्या निवृत्तिनाथांच्या जन्माआधी पंचवीस वर्षे. १२९० साली नेवाशात ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हा कोलोनचे पाथरवट गाभाऱ्याचे दगड घडवत होते. मध्ये जवळजवळ तीनशे वर्षे काम थांबले. शेवटचा दगड बसला १८८० मध्ये. सहाशे बत्तीस वर्षे! ज्याने पाया खणला त्याला कळस दिसणार नव्हता. त्याच्या मुलाला, नातवालाही दिसणार नव्हता. तरी त्याने हातोडी उचलली. याला माउली, आपण काय म्हणतो? आपल्याकडे याला सेवा म्हणतात.

आणि हे एवढे बांधले कशासाठी? येशूच्या जन्मानंतर पूर्वेकडून तीन ज्ञानी पुरुष ताऱ्याच्या मागोमाग त्याला वंदन करायला आले, अशी ख्रिस्ती लोकांची कथा आहे. त्यांच्या मानल्या गेलेल्या अस्थी ११६४ साली कोलोनला आणल्या गेल्या. त्यांच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंची गर्दी जुन्या चर्चमध्ये मावेना, त्यांना साजेशी वास्तू हवी, म्हणून हे कॅथेड्रल उभे राहिले. अस्थींची सोन्याने मढवलेली पेटी आजही मुख्य वेदीमागे आहे. म्हणजे तीन यात्रेकरूंच्या आठवणीभोवती, यात्रेकरूंसाठी बांधलेले हे घर आहे. तिथे वारकऱ्याने पर्यटक होऊन जावे, याहून उलटी गोष्ट कोणती?

कुणी म्हणेल, “आम्हाला त्यांच्या धर्माशी काय करायचे? आम्ही कला पाहतो, बांधकाम पाहतो.” जरूर पाहा. बाराव्या शतकात पॅरिसजवळ सुरू झालेली ही गॉथिक पद्धत थोर आहे यात शंका नाही. टोकदार कमानी आणि छताच्या दगडी फासळ्या सगळा भार खांबांवर आणि बाहेरच्या आधारकमानींवर नेतात. भिंतीवरचे ओझे उतरले की भिंत खिडकीला मोकळी होते. त्या उंच खिडक्यांत रंगीत काचा बसवून त्यांच्या संतांच्या कथा मांडल्या. अक्षरओळख नसलेला शेतकरी मान वर करून त्या पाही. आपल्याकडे तेच काम कीर्तनकाराने केले.

पण नुसत्या कमानीच पाहायच्या असतील तर त्यासाठी व्हिसा कशाला? पंचवटी एक्स्प्रेस धरा आणि मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरा. स्टीव्हन्सने बांधलेले ते स्टेशन गॉथिक वळणाचेच आहे. टोकदार कमानी, रंगीत काचा, घुमट, सारे आहे आणि २००४ पासून ते जागतिक वारशातही आहे. स्टेशनात जे नाही आणि कॅथेड्रलमध्ये आहे, ते म्हणजे मेणबत्ती लावून डोळे मिटून गुडघे टेकलेली म्हातारी. तिच्यामुळे ती जागा देऊळ आहे. आणि नेमकी तीच आपल्या फोटोत अडचण होते. “ती बाई जरा सरकली असती तर खिडकी छान आली असती!”

हे वाचून राग आला असेल तर त्र्यंबकेश्वरला या. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेत दिंड्या येतात. थंडीत कुडकुडत आलेली आजी समाधीपुढे डोके टेकते, आणि तिच्या तोंडापुढे मोबाइल धरलेला असतो. आषाढीच्या वाटेवरही तेच. फुगडी खेळणाऱ्या बायकांभोवती कॅमेऱ्यांचे कडे, आणि पायाच्या फोडांना तेल लावणाऱ्या म्हाताऱ्याला “बाबा, इकडे बघा” म्हणून हुकूम! तेव्हा आपण चिडतो. “आम्ही काय तमाशा आहोत का?” असे विचारतो, आणि ते बरोबरच आहे. २०२७ मध्ये सिंहस्थाला नाशिकला जग लोटेल, तेव्हा हा प्रश्न पुन्हा विचारावा लागेल. पण जो प्रश्न आपण गोदाकाठी विचारतो, तोच ऱ्हाइनकाठची ती म्हातारी आपल्याला विचारू शकते. तिला काय उत्तर देणार?

शिवाय आपण नाशिकचे. देवळाच्या दाराची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे काळाराम मंदिराच्या दाराशी उभी राहिली. सुमारे पाच वर्षे तो सत्याग्रह चालला. दार उघडले नाही. पंढरीत चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, ती का, हे तुम्ही जाणता. ज्या मातीत माणसांना दर्शनासाठी दाराबाहेर ताटकळावे लागले, त्या मातीतल्या माणसाने कोणाच्याही देवळाच्या उघड्या दारातून वेफर्स खात, मोठ्याने बोलत आत शिरू नये.

आता पहिल्या उत्तराचे पाहू. निष्ठा बाटते का? शेजारच्या घरी गेलो तर त्यांच्या देव्हाऱ्याकडे पाठ करून आपण बसत नाही. हात जोडतो, आणि आपला विठोबा काही घर सोडून जात नाही. नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते. तिथे सगळ्या धर्मांची माणसे रांग लावून, हात जोडून जातात. म्हणजे रीत आपल्याला ठाऊक आहे. विमानात बसल्यावर ती आपण का विसरतो? आपल्या संप्रदायात तर भेटेल त्याच्या पाया पडतात. त्याची जात, वय, विद्या विचारत नाहीत. आपण वाकतो ते समोरच्याच्या ठायी असलेल्या देवापुढे. कॅथेड्रलमध्ये तेवढेच करायचे आहे. त्यांचे तत्त्वज्ञान मान्य करायचे नाही, आपले सोडायचेही नाही.

म्हणून साध्या गोष्टी सांगतो. आपण टोपी घालून देवापुढे जातो, तिकडे पुरुष डोके उघडे ठेवून जातात. म्हणून टोपी काढून हातात घ्या. माळ गळ्यातच राहू द्या. प्रार्थना चालू असेल तर हिंडू नका, मागच्या बाकावर बसा. धर्मगुरू हातावर भाकरीचा पवित्र अंश ठेवतात तो आपल्यासारखा सर्वांना वाटायचा प्रसाद नसतो. तो त्यांच्या दीक्षित भाविकांसाठी असतो, तेव्हा त्या रांगेत उभे राहू नका. मोबाइल पिशवीत ठेवा. गाइडने दहाच मिनिटे दिली असतील तर त्यांतली पाच डोळे मिटून नामात घालवा. खिडक्या पाहायला उरलेली पाच पुरतात.

आणि हे जमणार नसेल, तर बाहेर चौकात थांबा. तिथून शिखर दिसते. नामदेवरायांनी महाद्वाराची पायरी मागून घेतली, अशी आपली श्रद्धा आहे. वारकऱ्याला पायरीशी थांबण्यात कमीपणा नाही.

परत आल्यावर नातवंडे विचारतील, “आजी, किती चर्च केलीत?” त्यांना सांगा, बाळांनो, देऊळ ‘करायचे’ नसते. तिथे जायचे, थोडे लहान व्हायचे आणि परतायचे.

रामकृष्णहरी.